कुणाला विचारता?

माझ्याकडे वही होती, आणि प्रश्न एकच:
शेतीतलं काही अडलं, तर कुणाला विचारता?
नाव आलं की ठिपका काढायचा,
सांगणाऱ्यापासून त्या ठिपक्यापर्यंत रेघ.
मादागास्करच्या लाल डोंगरात, आंबुहिमानित्राच्या उतारावर
सव्वीस दिवस मी रेघा ओढत फिरलो.

सगळे आधी म्हणायचे, गावप्रमुखाला विचारतो.
मग खरवडीचं गरम पाणी पुढे यायचं,
आणि पेला अर्धा झाला की खरं नाव:
लालाऊ.
जिला दोन ओळी वाचता येत नाहीत,
जी शुक्रवारच्या बाजारात बदकं विकते,
आणि जिच्या चार बहिणी चार खोऱ्यांत दिल्या आहेत.

तीन वर्षांपूर्वी जीपमधून एक माणूस आला होता.
म्हणाला, महिनाभराचं रोप नको, आठ दिवसांचं लावा,
मूठमूठ नको, एकेकटं लावा, वीतभर अंतरानं,
पाणी तुंबवू नका.
लोक हसले.
आठ दिवसांचं पोर कुणी कामाला धाडतं का?
जीप गेली. फलक उरला.
फलकावर कोंबड्या बसू लागल्या.

लालाऊनं घरामागचं एक खाचर
नवऱ्याला न सांगता तसं लावलं.
महिनाभर ते टकलासारखं दिसायचं,
आणि गाव वाट वाकडी करून ते बघून जायचं.
कापणीला तिनं एक ठोंब मुळासकट उपटला,
वाळवला, दाराच्या चौकटीला टांगला:
एका काडीचे बत्तीस फुटवे.

थंडीत थडगं उघडलं.
पूर्वजांना नवं रेशीम गुंडाळायला
पाच खोऱ्यांतले भाऊबंद जमले.
आजोबांची हाडं खांद्यावर घेऊन पुरुष नाचत होते
तेव्हा इकडे जावा, नणंदा, विहिणी
तो ठोंब हातोहात फिरवत होत्या.
मोजला. विश्वास बसेना, पुन्हा मोजला.
माझ्या वहीतल्या बहुतेक रेघा
त्या दुपारी जेवायला बसलेल्या होत्या.

वाटेत गोष्ट वाकली.
दुसऱ्या खोऱ्यात आठाचे अठरा दिवस झाले.
तिसऱ्यात म्हणे, रोप डाव्या हातानंच लावायचं.
लालाऊ डावखुरी आहे.
तुवुच्या खाचरात तण माजलं, ती बातमी मात्र
एका दिवसात, अनवाणी, डोंगर ओलांडून गेली.

शेवटच्या संध्याकाळी वही चाळताना
एक ठिपका सापडला, त्याला रेघ नव्हती.
हांतानिरीना. लालाऊच्या बांधाला बांध.
पाट एकच; हिचं पाणी सुटलं
की तिच्या घोट्यांना लागतं.
पण तिच्याकडे तीच महिनाभराची रोपं, मूठमूठ,
गुडघाभर पाण्यात.

दिसत नव्हतं का, मी विचारलं.
"दिसायचं की.
दिसणं निराळं, कुणी सांगणं निराळं.
त्यांच्या थडग्यात आमचं कुणी नाही.
आमचा पणजा त्यांच्याकडे विकत आणलेला."
आणि तिनं पेला पुढे केला,
माझ्या हातात न देता, जमिनीवर ठेवून.

चौदा गावं चालत गेलेल्या गोष्टीला
एक बांध ओलांडता आला नव्हता,
फूटभर रुंद, वर बदकांच्या पावलांचे ठसे.

लालाऊला वही दाखवली.
तिनं रेघांवरून बोट फिरवलं,
मासे धरायची टोपली कुठे उसवली ते बघावं तसं.
"ही कोण?"
नाव सांगितलं.
ती उठली, बदकांना कोंडा टाकायला गेली,
आणि बराच वेळ कोंडाच टाकत राहिली.

शहरात साहेब म्हणाले, जाळं छान दाट आहे.
त्या ठिपक्याभोवती त्यांनी पेन्सिलीनं गोल काढला,
बाजूला लिहिलं: अपवाद.

मला सगळं पाठ होतं.
आठ दिवस, एकेकटं, वीतभर.
तिच्या अंगणात बसून मी दोन पेले पाणी प्यायलो
आणि तिला सांगितलं नाही.
माझं काम विचारायचं होतं.